पाठीखालची गाठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

मेट्रनबाई हो म्हणाल्या! रुग्णालयातल्या सगळ्या वॉर्डांसाठी माझेच गाऊन. आधी एक नमुना शिवून पाठवायचा, तो पसंत पडला की काम पक्कं.

फोन ठेवला, पण आनंद झाला नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते दारात येऊन उभं राहिलं, आणि मला वाटलं, पटकन कडी लावून घ्यावी. आहे की नाही वेडेपणा?

५ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी म्हणाल्या, “वन्सं, आता तुम्ही मोठ्या होणार. आम्हाला ओळख दाखवाल ना?” थट्टाच होती. दादाही हसला. मग मान खाली घालून गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत बसला. एरवी तो थट्टेला थट्टेनं उत्तर देतो.

हा गाऊन बाबांमुळे सुचला. ते अंथरुणाला खिळले तेव्हा गाऊनचे बंद पाठीवर बांधलेले असायचे. आडवं झालं की गाठ रुतायची, कातडी सोलवटायची. मी मागच्या दोन बाजू एकमेकींवर घेतल्या आणि बंद कुशीला आणले. एवढंच! पण त्या दिवशी बाबा कण्हले नाहीत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नमुना पाठवला. सुटले एकदाची.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंचा फोन. “अहो, बंद पाठीवरच लावलेत की! गाठ टोचते म्हणून तर मी तुमच्याकडे आले.” माझा विश्वासच बसेना. जी चूक काढण्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच नेमकी माझ्या हातून! शुक्रवारपर्यंत दुसरा नमुना द्या म्हणाल्या. भल्या बाई.

दादानं ऐकलंच. “तुझा हात असा चुकत नाही, चिमे. मुद्दाम केलंस?”

“मला काय वेड लागलंय?” म्हणाले, आणि रडू फुटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मुद्दाम नाही केलं. पण हाताला ठाऊक असावं, मला काय हवंय ते.

आमच्या दुकानात पहिल्यापासून एक रीत — कापडावर खडूनं आखेल तो मालक, बाकीचे त्याच्या हाताखालचे. बाबा गेल्यावर त्यांचा खडू दादाकडे गेला, मशीन माझ्याकडे आलं. आता ह्या गाऊनची आखणी माझी. म्हणजे दादा माझ्या रेघेवरून कापणार. ज्यानं मला सुईत दोरा ओवायला शिकवलं, तो!

काम फसलं असतं तर सोसलं असतं. फसण्याची सवय आहे मला, फसलेल्याला लोक जवळ घेतात. जमलं तर काय होईल, ह्याची भीती वाटते. मला मोठं व्हायचंय, पण दादाला लहान करून नको.

११ फेब्रुवारी, बुधवार

हे सगळं दादाला बोलून टाकलं. त्यानं कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, “तुला वाटतं मी रुसून बसेन?”

“हो.”

“बसेनच. दोन दिवस. मग येईन कामाला, जातोय कुठे?” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता — “पण माझ्यासाठी मागे राहू नकोस गं. ते ओझं मला झेपणार नाही.”

मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टेबलाशी उभी राहिले आणि खडू उचलला. पहिली रेघ वाकडी आली. पुसली. दुसरी सरळ.

दादानं कापलं. एकदा कात्री थांबवून विचारलं, “इथे गोलाई वाढवू का?” वाढवायला हवी होती, माझ्या ध्यानात नव्हतं आलं. बंद कुशीला लावले, तीन वेळा तपासले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पसंत! दादा ठरल्याप्रमाणे रुसलाय. वहिनी म्हणतात, जेवण मात्र नीट चाललंय.

२ मार्च, सोमवार

आज दादानं माझ्याकडे सुट्टी मागितली. “परवा दुपारी डोळे दाखवायला जायचंय. जाऊ का?” इतक्या साधेपणानं!

मी ‘जा’ म्हणाले. मालकीण म्हणेल तसं, सहज. त्याचंच दिवसभर वाईट वाटत राहिलं.