टाक काळे पडले तेव्हा

नाना, तुम्ही गेल्यावर दुकानात मी फारसं काही बदललं नाही. पंचवटीतली गल्ली तीच आहे, फक्त दारात आता स्कूटर लावायलाही जागा उरत नाही. तुमच्या हाताखाली शिकलेला आणि जाताना तुम्ही तुमच्या या मुलाचा भागीदार करून ठेवलेला कारागीर दादा अजून आतल्या खोलीत देवांचे चांदीचे टाक ठोकत बसतो. चष्म्याचा नंबर वाढलाय, हात तोच आहे. देवघरातले झिजलेले देव घेऊन लोक येतात ते त्याच्या नावावर, माझ्या नाही. पूर्वी याचं मला वाईट वाटायचं. आता काहीच वाटत नाही, आणि हे काही बरं लक्षण नव्हे.

मागच्या महिन्यात दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आले. दसऱ्याआधी त्यांनी घरचे जुने टाक मोडून त्याच चांदीचे नवे करून नेले होते. गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय त्याचे देव मुशीत टाकायचे नाहीत, ही तुमची रीत. त्या दिवशी मात्र ते रामकुंडावर गेले, तिकडेच रमले, आणि दादाने वाट पाहून पाहून चांदी एकट्यानेच वितळवली. आता त्यांनी कागदाची पुडी उलगडून ते टाक काउंटरवर ठेवले. देव म्हणून आपटले नाहीत, एवढंच. काळेठिक्कर पडले होते. "आमच्या घरची चांदी हाय का ही? तुमच्या माणसानं बदलली. गावात समद्यांना सांगणार मी, सोडणार नाय." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती ऐकत उभी राहिली. दादा जेवणाचा डबा आणायला घरी गेला होता.

मी बोललो, नाना, आणि चांगला बोललो. "काका, माझ्यावर संशय घ्या, चालेल. त्या माणसाच्या हातून लोकांच्या तीन पिढ्यांचे देव घडलेत, त्याच्यावर नका घेऊ." मग विचारलं, टाक घरात ठेवता कुठे? मधल्या खोलीत, म्हणाले. आणि शेजारी काय असतं? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. द्राक्षांवरच्या भुरी रोगावर मारायला आणलेल्या गंधकाच्या गोण्या यंदा देवघराला लागूनच रचल्या होत्या. गंधकाजवळ चांदी काळी पडणारच. मी टाक उजळून दिले. "मंग चूक आमचीच म्हणायची," असं म्हणत त्यांनी ते कपाळाला लावले. गावात कुणाला काही बोलले नाहीत. सगळं निस्तरलं.

पण बोलण्याआधी मी काय केलं ते सांगायचं राहिलं. "पाणी आणतो" म्हणून मी एक टाक घेऊन आत जातो. कसोटीच्या दगडावर त्याची कड घासतो, तेजाबाचा थेंब टाकतो, आणि वाकून रंग बघत राहतो. चांदी चोख आहे. मान वर करतो तर मागच्या दारात दादा उभा, हातात जेवणाचा डबा. कॉलेजात असताना एकदा त्याच्या माघारी त्याचं काम मी तोलत होतो, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून तराजू काढून घेतला होता आणि दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात. दादा तसं काही करत नाही. तो चप्पल काढतो आणि आपल्या जागेवर जाऊन बसतो. मी बाहेर येऊन त्याची बाजू घेतो, आणि ती तो आतून शब्दन्‌शब्द ऐकतो. संध्याकाळी म्हणाला, "चांगलं बोललास रे."

तेव्हापासून गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी चांदी मुशीत टाकण्याआधी तो मला हाक मारतो. मी जातो, बसतो, बघतो. तो रागावत नाही, टोमणा मारत नाही. मला लाज वाटायला हवी, ती वाटते की नाही हेसुद्धा कळेनासं झालंय. माफी मागायला म्हणून दोनदा आत गेलो आणि दोन्ही वेळा "चहा सांगू का?" विचारून परत आलो. हे पत्रही मी खरं त्यालाच लिहायला घेतलं होतं. वर 'दादा' लिहिलं, पुढे हात चालेना. मग ते खोडून 'नाना' केलं.