चंद्रीच्या तापाचा खुलासा

गंगावेश, कोल्हापूर

आदरणीय व्याही श्री. मल्लाप्पा, मुक्काम कागल, यांस सिद्धाप्पा यांचा शरणु शरणार्थी. आपला गुडघा व विहीणबाईंचा खोकला उतारास लागला असावा. इकडे आपली नातसून, आमची नात शिवांजली, व तिचे तान्हे बाळ सुखरूप आहेत. सोमवारी हे वाक्य मला लिहिता आले नसते.

त्या दुपारी मी सोप्यात पहुडलो होतो. गोठ्यात आमची म्हैस चंद्री रवंथ करीत होती, ऊन उंबऱ्यावर सायीसारखे धरले होते, आणि सारे घरच संथपणे रवंथ करीत आहे असे मला वाटत होते. तोच आतून शिवांजलीचे कण्हणे ऐकू आले. थंडी वाजून ताप. छातीच्या एका बाजूस लाल, कढत, टणक सूज असल्याचे आतून कळले. आमच्या सौ. शांतादेवी दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवीत होत्या व बाळास वरचे दूध सुरू करण्याच्या विचारात होत्या. मी दुखणे ओळखले. (जन्म म्हशींत गेला आहे. दूध तुंबले की कास अशीच धरते.) परंतु नातीविषयी असे वाक्य मी कसे उच्चारावे? म्हणून मर्यादा राखून नातू यशराज यास म्हणालो, "चंद्रीस ताप आहे. कास सुजली आहे. तातडीने डॉक्टर आणावा."

त्याने आणला. जनावरांचा.

डॉक्टरांनी चंद्रीस सर्व बाजूंनी तपासले. "आबा, म्हस ठणठणीत हाय की. मग ताप कुणाला हाय?" मी आढ्याकडे पाहिले. सौ. म्हणाल्या, "सरळ बोलाय काय झालतं तुमास्नी?" आणि रिक्षा मागविली.

दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पाजणे थांबवायचे नाही. दुखऱ्या बाजूनेही पाजावे, त्या दुधाने बाळास अपाय नाही. थंड पट्टी ठेवावी, घट्ट बांधू नये, रगडून पिळू नये, व गोळ्या मध्येच सोडू नयेत. (रगडून पिळण्याचा सल्ला मी चंद्रीच्या नावे देणारच होतो.)

ताप उतरला. आता दुपारी पडद्याआडून बाळाचे गटगट पिणे ऐकू येते. चरवीत धार पडावी तसा तो आवाज माझ्या झोपेत शिरतो. मी लहान होऊन धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला धरून गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभा असतो, आणि कोणी हाक मारू नये असे वाटते. (चंद्री मात्र माझ्याकडे पाठ करून उभी राहते.)

आपला,
सिद्धाप्पा

ता. क. तापाचे कळताच विहीणबाईंनी धाडलेला दूधपावडरचा डबा व छाती बांधण्याचे फडके परत पाठवीत आहे. शिवांजली पुढील आठवड्यात आपल्याकडे येईल. तेथे तिचे पाजणे बंद पडू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. विहीणबाईंस आपण समजावून सांगावे.

पुन्हा ता. क. आपणांसही ते तोंडाने सांगता येणार नाही, हे मी जाणतो. आपल्या म्हशीचे नाव घेऊन सांगावे. डॉक्टर मात्र मागवू नये.