येतो

५ फेब्रुवारी, सोमवार

वागळे इस्टेटमधली नवी नोकरी! डोंबिवलीहून लोकल, ठाण्याहून रिक्षा, मग तीन जिने. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीलाच लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार.

माझ्याकडे बूटलोडर आलाय. वीज आली की बोर्डात सगळ्यात आधी जागा होणारा एवढासा प्रोग्रॅम. तो मेमरी चालू करतो, पुढच्या मोठ्या प्रोग्रॅमला आत घेतो आणि सगळं त्याच्या हाती सोपवतो. आई म्हणाली, म्हणजे माझ्यासारखाच, दार उघडणारा. अगदी बरोबर. चाचणीचा पहिला बोर्ड आमच्याच डोंबिवलीच्या इमारतीत बसणार आहे. आईचे गुडघे, बंद पडलेली लिफ्ट आणि आमचा सातवा मजला, त्यामुळे घरात सध्या माझी चंगळ आहे.

७ फेब्रुवारी

बोर्ड तीनदा नीट सुरू होतो, चौथ्यांदा मेमरीपाशी अडतो. टायमिंगचे आकडे आधीच्या इंजिनिअरने, दौलतने भरलेले. अडला की स्क्रीनवर एकच शब्द उमटतो: येतो. अख्खा कोड चाळला, ही ओळ कुठेच नाही. स्वारी वात्रट दिसते.

मीही काही कमी नाही. निघताना कुणी येतो म्हणालं तर ये म्हणायचं, हे आईने लहानपणीच घोटवून घेतलंय. टाईप केलं: ये.

बोर्ड लगेच सुरू झाला. नंतर एकदाही अडला नाही. आकडे मी बदललेच नव्हते.

९ फेब्रुवारी

सोल्डरिंगला बसणाऱ्या दर्शनाला चहाच्या वेळी दौलतबद्दल विचारलं. चेंदणी कोळीवाड्यातला. नोकरी सोडून गेला नाही तो. मागच्या वर्षी चाचणी चालू असताना लिफ्टच्या डक्टमध्ये पडला, जागीच गेला.

दर्शना त्याची बायको. त्या सकाळी दोघांचं भांडण झालेलं. दारातून तो येतो गं म्हणाला आणि ही रागाने गप्प राहिली. त्याची आई अजून विचारते, माझ्या पोराला कुणी ये म्हणालं होतं का? सांगताना दर्शनाला रडू आलं. मी काय टाईप केलं ते तिला सांगायचा धीर झाला नाही. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.

१२ फेब्रुवारी

चिप पूर्ण पुसली. आत काही म्हणजे काही नाही. वीज दिली. स्क्रीनवर:

आलो. पुढे?

वायर उपटली. अक्षरं तशीच राहिली.

१३ फेब्रुवारी

आमच्या साहेबांना, चिरागसरांना विनवलं, तो बोर्ड आमच्या इमारतीत बसवू नका. ते हसले. सकाळीच बसवून झाला होता.

आईचा फोन. खूश आहे. बटण दाबायच्या आधीच लिफ्ट सातव्यावर येऊन उभी राहते म्हणे. आत कुणी नसतं.

१४ फेब्रुवारी, दुपार

सुट्टी टाकली. आईला बजावलं, बाहेरून काही ऐकू आलं तर उत्तर द्यायचं नाही. ती रागावली. दारात आलेल्याला या म्हणू नये, हे कुठलं नवीन शिक्षण?

वॉचमनकडून लिफ्टचा मेन स्विच बंद करून घेतला. तरी ती वर येतेय —

आधी बोर्डात आला. मग लिफ्टमध्ये. आता पुढचा टप्पा —

पाचवा. सहावा.

थांबली. आमच्या दाराबाहेर ओलं काहीतरी घासत —

बेल. आई स्वयंपाकघरातून निघाली — ओरडायचंय, आवाजच फुटत नाही — हात तेवढा लिहितोय — आई, नको —

बाहेरून, अगदी अदबीने: येऊ का?

आईने कडी काढली. पदराला हात पुसत, नेहमीसारखी हसून म्हणतेय, या, आत या ना, मेघाली घरीच —