कालव्यापुढचा उतार

आबा, तुम्ही आम्हाला बनवलंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला ते आत्ता, गेल्या महिन्यात कळलं, सायकलवर बसल्यावर. वरकुटे ते इंदापूर, तुमचाच कामाला जायचा रस्ता. एस.टी.चा काही नेम राहिला नव्हता, म्हणून नोकरीवर जायला सत्तेचाळिसाव्या वर्षी नाइलाजानं सायकल काढली. चार दिवस मांड्या भरून आल्या. पाचव्या दिवशी कालव्यापुढचा उतार लागला, पाय मारायचे थांबवले, भिजवलेल्या उसाचा गार वारा तोंडावर आला आणि मी मोठ्यानं हसले. भर रस्त्यात, एकटीच! मग असा राग आला तुमचा, की दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

संध्याकाळी तुम्ही सायकल भिंतीला लावायचात आणि ओट्यावर बसकण मारायचात. "मेलो गं बाई. तुमच्यासाठी हाडं झिजवतोय." लगेच आई तुमच्या पायांवर गरम पाणी घालतेय, मी तेल चोळतेय. आईसुद्धा दिवसभर खुरपून आलेली असायची. तिच्या पायांवर कुणी घातलं पाणी? दहावीला मी शाळेत पहिली आले. अकरावीला इंदापूरला जायचं म्हणून एखादी जुनीपानी सायकल मागितली, तर म्हणालात, "जीवघेणा रस्ता हाय त्यो. पोरीला झेपायचा न्हाय." आई म्हणाली, "अवो, जाऊ द्या की तिला." तुम्ही ताटावरून उठलात. संपलं माझं कॉलेज. पुढं लग्नानंतर, पोरं सांभाळत, बाहेरून बी.ए. केलं ते कसं केलं, माझं मला ठाऊक.

परवा फाट्यावरच्या हॉटेलात चहाला थांबले. म्हातारा मालक तोंडाकडं बघत राहिला. "आबाची लेक न्हवं का तू? तुझा बा रोज सकाळी अर्धा तास हितंच. गाणी म्हणायचा, आमाला हसवून हसवून मारायचा." घरी मात्र तुम्ही सांगायचात, साहेब लई कडक हाय, लवकर निघावं लागतं! गाणी, आबा? घरात गाणं सोडाच, तुमच्या तोंडून एक गोड शब्द ऐकायचा तर सणवार उजाडावा लागायचा.

बरं वाटतं म्हणून जातो, असं एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पाणी आईनं तरीही तापवलं असतं. मला निदान कळलं असतं, की त्या रस्त्यावर काही वाघ बसलेला नाही. तुमचा एक उतार होता, तो मला तीस वर्षं उशिरा मिळाला, आणि ह्याची माफी मागायला तुम्ही नाही.

हे पत्र पाठवू तरी कुठं? राहू दे वहीतच. एक मात्र सांगते, तुम्हालाच सांगता येईल असं. एस.टी. आता वेळेवर येते. नवराही रोज म्हणतो, "उन्हाचं कशाला मरतीस? गाडीवर सोडतो की." मी त्याला सांगितलंय, डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलीय. कुठल्याच डॉक्टरांनी मला तसं काही सांगितलेलं नाही.