पिन नसलेलं हँडल

इंदिरानगर, नाशिक
१४ मार्च २००८

प्रिय रोहित,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. 'प्रिय' सवयीनं आलं. त्यावर जाऊ नकोस.

सहादू आठवतो? पेठकडचा, अंबडच्या रंगाच्या कारखान्यातला. आपल्या आग विझवायच्या आभासी प्रशिक्षणात तो पहिला आला होता. डोळ्यांवर तो जड चष्मा, त्यात खोटी आग, हातात आपण बनवलेलं नकली सिलिंडरचं हँडल. तू टाळ्या वाजवल्या होत्यास. गेल्या महिन्यात तिथं खरी आग लागली. सहादू पळाला नाही. आग विझवायचं सिलिंडर उचलून पुढे गेला आणि नुसता खटका दाबत राहिला. आधी पिन ओढायची, त्याशिवाय खटका हलत नाही, हे त्याच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. काल दवाखान्यात गेले. दोन्ही हात पट्ट्यांत. उलट मलाच समजावत म्हणाला, "ताई, तुमच्याकडं बोट लावलं का आग विझायची. हे दाबलं तं दबंच ना. मला वाटलं, माझंच काय तरी चुकतंय."

त्याचं चुकलं! माझ्या पहिल्या हँडलला पिन होती, खऱ्यासारखा कडक खटका होता, वजन होतं. सहा महिने घासले मी त्यावर. चाचणीत गिऱ्हाइकाच्या मोठ्या साहेबांना पिन निघेना, चारचौघांत हसं झालं, आणि दुसऱ्याच दिवशी तू ते सगळं काढून खेळण्यातलं बटण बसवलंस. मी भांडले तर म्हणालास, "हर्षाली, लोकांना जमलं तरच विकलं जाईल." जमलं की! झाडून सगळे पास झाले. अरे, कॉलेजात सोल्डरिंग करताना तुला चटका बसला की मीच तुझं बोट नळाखाली धरायचे. केवढा ओरडायचास!

आणि आता चौकशी अधिकाऱ्यांना लेखी कळवतोस, कामगारानं सूचना पाळल्या नाहीत? लाज नाही वाटली?

पण त्या बटणाच्या आराखड्याखाली 'तपासले, योग्य' असं लिहून सही मी केलीय. साखरपुडा चार दिवसांवर होता, मला तुझ्याशी वाकडं नको होतं. एवढ्यासाठी मी गप्प बसले. सोमवारी चौकशीत जबाब देणार आहे, आपल्या दोघांचीही नावं घेऊन. माझ्याबरोबर यायचं असेल तर ये. नाही आलास तरी मी जाणार. आणि मेमधला लग्नाचा हॉल रद्द करायला तुझ्या आईंना तूच सांग. मला ते जमणार नाही.

आजपर्यंत तुझीच,
हर्षाली