पाचव्या वर्षाचा हात

जळगाव,
आश्विन वद्य चतुर्थी, सन १९३८

प्रिय अभिमन,

दर पत्रात मी तुला चिरंजीव लिहितो आणि वर आशीर्वाद देतो. आज नुसतं प्रिय लिहिलंय. आशीर्वाद कुठे जात नाहीत, पण ते आधी देऊन मग भांडायचं मला जमत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते आधी घे. खाऱ्या वाऱ्यात घराला किती वर्षांनी रंग द्यावा, हे विचारायला तू मला उरणला बोलावलंस. तू मीठ खात्यात कारकून, आणि मीठ तुझ्याच भिंती खातंय, म्हणून मी गाडीभर हसलो होतो. इथे आपल्या उन्हात एकदा दिलेला चुना दोन दोन वर्षं मुकाट बसतो. तुझ्याकडे नाही चालणार. चुना दरसाल द्यायचा, आणि पाऊस संपल्या संपल्या नाही. भिंत आतून वाळली की मगच. पश्चिमेच्या भिंतीला दोन हात. खिडक्या-दारांना तेलाचा रंग, एक वर्षाआड. आणि चुना आडाच्या मचूळ पाण्यात कालवू नकोस, गोडं पाणी घे, नाहीतर पोपडे धरणारच. मी हातात कुंचला धरून या गावात आलो, आज चुन्याच्या दोन भट्ट्या चालवतो. एवढं तरी माझं ऐक.

आता दुसरं. भिंत बघताना मी बोटाच्या पेराने ठोकत होतो, आणि तू हसून कमलला म्हणालास, "नाना भिंतीची नाडी बघतोय." माझे कान तिखट आहेत हे तुला लहानपणापासून ठाऊक. एके ठिकाणी भिंत पोकळ बोलली. मी नखाने पोपडा काढला आणि त्याची कड उजेडात धरली. चुन्याचे हात झाडाच्या सालीसारखे एकावर एक दिसतात. घराला आठ दिवाळ्या झाल्या, तर हात आठ हवेत. निघाले सात. चौथ्याच्या वर शेवाळाची काळी रेघ होती, दोन पावसाळ्यांची. म्हणजे पाचव्या वर्षी भिंतीला कुंचला लागलाच नव्हता. आणि तुझं पत्र तर दर दिवाळीला यायचं, नाना, रंग झाला.

मी थट्टाच केली. म्हणालो, "काय रे लबाडा, चौतीस साली काय झोपला होतास?" स्वयंपाकघरातून कमल सहज बोलून गेली, "त्या साली कसा देणार नाना, वर्षाच्या आत..." आणि तिच्या हातातली पळी थांबली. ती थांबलेली पळी मी ऐकली. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे वर्षाच्या आतल्या दिवाळीला चुना लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तुझ्या घरातून कोण गेलं होतं? तुम्ही नवराबायको दोघंच तर होतात.

आपली मंजुळा तीन वर्षं तुझ्या मागच्या खोलीत होती, हे तू मग सांगितलंस. पिंपळनेरच्या कौतिकबरोबर गेली ती तुझ्याकडेच आली. तो मिठागरात कामाला लागला, आणि ती तापाने गेली. विधवा बहीण परजातीच्या माणसाबरोबर निघाली तेव्हा जात काय म्हणेल म्हणून मी तिला उंबऱ्यावरून परत लावलं, "तू आम्हाला मेलीस" म्हणालो. तेव्हा माझी पहिली भट्टी नुकती पेटली होती. लोकांची भीती मोठी वाटायची. वर्षभरात ते शब्द मलाच टोचायला लागले. पिंपळनेरला जाऊन आलो, साक्री पालथी घातली. तुला प्रत्येक पत्रात विचारलं, मंजूचं काही कळलं का? प्रत्येक पत्रात तू लिहिलंस, नाही.

लिहिलंस ते एक वेळ सोसेन. छत्तीस साली एदलाबादला मुक्ताईच्या जत्रेत तू माझ्याबरोबर होतास. मी बायांच्या घोळक्यात तोंडं बघत फिरत होतो, आणि तूही बघत होतास. "ती नाही ना रे?" म्हणून मी एका हिरव्या लुगड्याकडे बोट केलं, तर तू पुढे जाऊन वळून बघितलंस आणि मान हलवलीस. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, अभिमन.

तू म्हणालास, तिने शपथ घातली होती. ती होती तोवर पाळलीस, कळतं मला. मी तसाच वागलो होतो. पण ती गेल्यावर शपथ कुणासाठी? आणि ज्या दिवाळीला तू सुतक पाळून बसलास, त्या दिवाळीला इथे माय आपल्या हाताने करंज्या तळत होती.

हे पत्र मायसाठी आहे. तिला आता दिसत नाही, पण दर दिवाळीच्या आधी ती भिंतीला हात लावून विचारते, "चुना कव्हय देतस रे? मंजू वनी तं घर चांगलं दिसाले पाहिजे." मंजू आली तर. काल माणसं कुंचले घेऊन आली, मी त्यांना परत लावलं. मायने विचारलं तर म्हणालो, चुना नीट फुलला नाही यंदा. चुन्याबाबत मी आजवर कुणाशी खोटं बोललो नव्हतो. तुझ्या घरून आलो आणि तुझ्यासारखं बोलायला लागलो.

मला एकट्याला ते तिला सांगता येणार नाही, आणि न सांगता तिच्या पुढ्यात जेवताही येत नाही. धनत्रयोदशीच्या आधी ये. कमलला आण, तिने शेवटपर्यंत केलंय मंजूचं, माय तिला विचारेल. मी जवळ बसेन, मायचा हात धरेन. दार मी लावलं, हे मी सांगेन. ती तुझ्या घरात होती, हे तू सांगायचं.

तुझाच, अजून तरी,
उखर्डू नाना