साहेबांच्या गाडीचे दोन कार्बोरेटर

३ मार्च

बाबा शेवटी ‘बघू’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार.

प्रश्न गॅरेजातल्या खिडकीजवळच्या बाकाचा आहे. त्या बाकावर बसून बाबांनी आयुष्यभर कार्बोरेटर उघडले, धुतले, जुळवले. आता त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवायचं निम्मं काम कानाचं. दादाला बाक काढून तिथे गाड्या धुवायची जागा करायची आहे. “कार्बोरेटरच्या गाड्या उरल्यात कुठे? भंगारात, नाहीतर हौशी म्हाताऱ्यांकडे.” मला मात्र तो बाक हवाय. घरातली पहिली पदवी माझी, तीही यंत्रांची – आणि मी विमा कचेरीत बसून अपघातांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायचे? काका तिथलेच, त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकलाय. एक एप्रिलला रुजू व्हायचं.

बाबांची अट एकच. साहेबांची लाल गाडी. “ती मार्गी लाव, बाक तुझा. नाही लागली तर काकाबरोबर जायचं, तोंड वाकडं न करता.”

‘मार्गी लागणे’ याचा आमच्या गॅरेजात एकच अर्थ. गिऱ्हाइकाने स्वतः गाडी सुरू करून, स्वतः चालवत फाटकाबाहेर न्यायची. आपण घरी पोचवली तर बाबा काम झालं असं धरत नाहीत. “आपल्या हाताला चालते म्हणून काय झालं? त्याच्या हाताला चालली पाहिजे.”

किती सुंदर तत्त्व आहे हे. कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

५ मार्च, शनिवार

साहेब आले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, दर शनिवारी येतात. गाडीवरची चादर काढतात, एक फेरी मारतात, स्टुलावर बसून चहा घेतात, चादर घालतात, जातात. मी शाळेत असल्यापासून हे चाललंय.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. इंजिन झालंय, ब्रेक झालेत, रंग तर दोनदा झालाय. फक्त कार्बोरेटर ‘ठरायचाय’. मूळची छोटी जोडी दुरुस्त करून बसवायची, की ती काढून त्या जागी एकच मोठा नवा बसवायचा? जोडी हळवी आहे – दोघांचं एकमेकांशी जुळावं लागतं. मोठा दणकट, पण पेट्रोल ढोसतो.

“घाई नको,” साहेब म्हणाले. “निवड चुकली की गाडीचा आत्मा जातो.”

मी भारावून गेले. अशी माणसं अजून आहेत!

दादा टायर काढता काढता म्हणाला, “आत्मा इतकी वर्षं कोपऱ्यात बसलाय साहेब. त्याला मुक्ती तरी द्या.”

८ मार्च

साहेबांचा फोन. ठरलं. एकच मोठा.

९ मार्च

साहेबांचा फोन. जोडीच.

१२ मार्च, शनिवार

साहेब मला जुन्या गाड्यांच्या क्लबात घेऊन गेले. विषय एकच होता – साहेबांचा कार्बोरेटर. साहेबांचे असे उलटसुलट फोन का येत होते ते तिथे कळलं.

सगळ्यांची नखं पांढरीशुभ्र. मी माझे हात टेबलाखाली ठेवले. एक दंतवैद्य जोडीच्या बाजूने इतके पोटतिडकीने बोलले की त्यांचा चष्मा पडला. एक वकील म्हणाले, मोठा बसवला तर तो गाडीवर बलात्कार– इथे अध्यक्षांनी त्यांना शब्द मागे घ्यायला लावला. वकिलांनी तो मागे घेऊन ‘अन्याय’ असा शब्द ठेवला. अध्यक्षांची स्वतःची गाडी ट्रकवर चढवून आणली होती. मी विचारलं, बिघडलीय का? “छे, छे. चालवली की मळते.”

मग मी उभी राहिले. म्हणाले, यंत्राचा खरेपणा त्याच्या चालण्यात असतो. उभी असलेली गाडी म्हणजे महागडं कपाट. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वाटलं, पटलं सगळ्यांना. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “अहो ताई, चहाचं जरा बघता का?”

ठराव झाला : विषय पुढच्या वर्षीच्या सभेत घ्यावा. साहेबांचा चेहरा केवढा उजळला.

परतीच्या रिक्षात मी त्यांना स्पष्ट सांगितलं – पुढचं वर्ष नाही, हाच महिना. जोडी बसवते. पटलं नाही तर काढून देईन. ते “हं” म्हणाले. एवढा मोठा माणूस एका मुलीला नाही म्हणू शकला नाही, हे त्यांचं मोठेपण.

१५ मार्च

जोडी उघडली. आतल्या दांड्या झिजून सैल झाल्यात, तिथून नको ती हवा आत शिरते. म्हणजे पेट्रोल आणि हवेचा संसार बिघडलेला. दांड्या घट्ट बसाव्यात म्हणून लेथवर नवी बुशं करून घ्यायची. सुट्टे भाग डब्यांत भिजत घातले.

आई : “अगं, साखरेच्या डब्यात स्क्रू?”

मी म्हणाले, पितळेला कुठलाच डबा परका नसतो. ती म्हणाली, मला असतो.

१९ मार्च, शनिवार

साहेब आले नाहीत. पाठ धरलीय म्हणे.

बरंच झालं. जोडी बसवून पेट्रोल सोडलं तर एकातून धार लागली. जमीन ओली, मी ओली. दादा दारात येऊन उभा. “कारंजं झकास झालंय. सभोवती दोन बाकडी टाकू, लोक येतील संध्याकाळी.”

पेट्रोल अडवणारा फ्लोट उलटा बसवला होता. मी! सुवर्णपदक! (रौप्य. पण तरी.)

२४ मार्च

चालली.

दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतायत की नाही हे ऐकून ठरवायचं असतं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूऽऽ असा आवाज येतो. डावीकडचा आणि उजवीकडचा हुबेहूब एक व्हायला हवा. दुपारभर स्क्रू पिळत होते, एक शहाणा झाला की दुसरा रुसायचा. बाबा मागे उभे होते. मग अचानक माझ्या कानातली नळी काढून त्यांनी चांगल्या कानात घातली. ऐकलं. डावीकडे. उजवीकडे. परत डावीकडे. नळी माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेले.

बाबांनी स्क्रूला हात लावला नाही! याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्या घरात नाही.

२६ मार्च, शनिवार

आता काय करू?

साहेब आले. पाठ बरी होती. मी किल्ली फिरवली, इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. साहेब पांढरे पडले. म्हणाले, “आवाज जरा… जास्तच बरोबर येतोय. एकदा मोठा बसवून बघायचा का?”

मी म्हणाले, आधी एक चक्कर मारून बघा. बाबा आणि दादा आत गेले होते. साहेब गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने आत बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि समोर बघत राहिले. मला वाटलं, चालवायचा मान मला देतायत. म्हटलं, “साहेब, तुम्ही इकडे.” ते आले. स्टिअरिंगला दोन बोटं लावली. खाली पेडलांकडे पाहिलं. हळूच म्हणाले, “तीन आहेत. यातला कुठला कशाचा?”

साहेबांना गाडी चालवता येत नाही.

आयुष्यभर मागच्या सीटवर बसले. दारात गाडी, गाडीत ड्रायव्हर. परवाना आहे – तो सुद्धा हाताखालच्यांनी घरपोच आणून दिलेला. निवृत्तीच्या दिवशी गाडी गेली, ड्रायव्हर गेला. त्याच आठवड्यात त्यांनी ही घेतली. “या गाडीला मागची सीटच नाही, म्हणून घेतली. म्हटलं, आता तरी शिकावं लागेल.” घरी सगळ्यांना वाटतं, येते. क्लबात तर त्यांनी क्लच या विषयावर व्याख्यान दिलंय. “मग कुणाला विचारणार, सांगा? कार्बोरेटर ठरत नव्हता तोवर बरं चाललं होतं.”

म्हणाले, वडिलांना सांगा, काहीतरी नवीन बिघाड निघाला.

खोटं बोलले तर बाक गेला. खरं बोलले तर साहेबांची अब्रू गेली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, यंत्रांची पदवीधर.

म्हटलं, “मी शिकवते. कुणाला कळणार नाही.”

बाबांना एवढंच विचारलं, साहेबांच्या वतीने दुसऱ्या कुणी नेली तर? “मग दुसऱ्या कुणाच्या हाताला चालली,” बाबा म्हणाले.

२८ मार्च

सकाळी, बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात, आमच्या जुन्या टेम्पोवर पहिला धडा.

साहेब गाडीला हुकूम सोडतात. क्लच दाबत नाहीत, “क्लच” असं म्हणतात आणि वाट बघतात. टेम्पो भिंतीकडे निघाला तेव्हा ओरडले, “थांबव, थांबव!” मी म्हणाले, “साहेब, चालवताय तुम्ही.” त्यांनी माझ्याकडे इतक्या आश्चर्याने पाहिलं की भिंत आली ते दोघांनाही कळलं नाही.

दादाला सांगितलं, टेम्पोचा दिवा आधीच फुटलेला होता. दादा म्हणाला, “हो का? आणि आत अडकलेली वीट?”

३० मार्च

प्रगती आहे. सुरू करतात, पहिला गियर टाकतात, सरळ जातात. एकदा तर शीळ घातली.

थांबणं अजून कच्चं आहे. पण बाबांच्या नियमात थांबण्याविषयी काही नाही.

(असं मी लिहिलं? मी?)

३१ मार्च

काकांचा फोन. “उद्या दहाला. आणि जरा नखं साफ करून ये, माणसांत बसायचंय.” आईने माझे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेत. दादाने बाकाची मापं घेतली.

साहेब नऊला येणार आहेत.

१ एप्रिल

गाडी फाटकाबाहेर गेली. फाटकासकट.

कुणाला खरचटलंही नाही. फाटकाची एक फळी लांब नाकावर घेऊन गाडी रस्त्यात उभी होती आणि इंजिन चालूच – एक आचका नाही, एक ठोका चुकला नाही. बाबा गेले, वाकले, चांगला कान लावला. पुष्कळ वेळ ऐकलं. मग फळी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “बाक तुझा.”

दुपारी काका आले. विमा कचेरीकडून, पाहणीला. माझी नखं पाहिली. कागद काढला. “चालक कोण होता?”

मी तोंड उघडायच्या आत साहेब स्टुलावरून उठले. कोटाचं बटण लावलं.

“मी,” म्हणाले. “मी चालवत होतो. नीट लिहा.”